मोहाखालची प्रश्नावली

लोकसुरक्षेवर डॉक्टरेट करत होतो तेव्हाची गोष्ट. सायक्लोस्टाइल केलेली प्रश्नावली घेऊन मी गडचिरोलीच्या जंगलात मोहफुलं वेचणाऱ्या एका बाईंसमोर ऐटीत उकिडवा बसलो. त्या मूठभर फुलं वेचत, ताठ उभ्या राहत आणि मोठ्यानं खोकत.

मी म्हणालो, "बाई, जरा गप्प राहा, लिहू द्या."

त्या गप्प झाल्या. माझ्या पाठीमागं पाला वाजला.

त्या ओरडल्या, "उठा साहेब! बसलेला माणूस वाघाले जनावरावानी दिसते!"

मी उठलो, प्रश्नावली खालीच राहिली. पाला वाजायचा थांबला.

"मग तुम्ही वाकून कशा वेचता?"

"मले त वाकाच लागते ना, भाऊ, म्हनून त खोकाच लागते," म्हणत त्या पुन्हा वाकल्या.

टोपली भरेपर्यंत लोकसुरक्षेचा हा भावी डॉक्टर त्यांच्यामागं उभा राहून खोकत होता.