कान झाकणारा मास्क

क्रिकेटचं हेल्मेट घालून बेसबॉलचं अंपायरिंग करायचं, ही आमच्याकडची रीत. शाळेत तेच असायचं, म्हणून तेच डोक्यावर. मुख्य अंपायर कॅचरच्या मागे वाकून उभा राहतो. बॅटला नुसता चाटून आलेला चेंडू सरळ त्याच्या तोंडावर. असाच एक आला, हेल्मेटची जाळी आत दबली आणि माझा जबडा सुजला. कितीतरी दिवस पातळ वरणावर काढले.

बाबा जानेफळला भाजीपाला पिकवायचे. आमच्या घरात कॉलेज पास झालेला मी पहिला, खेळाचा शिक्षकही पहिलाच, आणि हे मी आजही छाती काढून सांगतो. मास्क घ्यायला अकोल्याला निघालो, तर बाबा न विचारता सोबत आले.

दुकानात दोन प्रकार होते. एक हलका, चेहऱ्यापुरता. चेंडू उडाला की एका हातानं ओढून काढायचा, कान मोकळे. दुसरा सगळं डोकं झाकणारा, कानांवरही जाड कवच. मला पहिला पाहिजे होता. बाबांनी दोन्ही टरबुजासारखे बोटांनी वाजवून पाहिले.

"हाच घे. याच्यात कान बी झाकते."

"बाबा, कानावर नाही लागत चेंडू."

"मंग जबड्यावर लागते, हे तरी तुले कुठं मालूम होतं?"

दुकानदार हसला. "काका, तुम्हीच अंपायर व्हा."

बाबांचाच घेतला.

त्या हिवाळ्यात देऊळगाव राजाला शालेय सामने होते. बाबांना मी खूपदा म्हटलं होतं, एकदा येऊन पाहा. ते नुसते हं म्हणायचे. अंतिम सामन्याला गोंगाट फार, आणि मी चेंडूवरची नजर हलवली नाही. घरी आलो तर ओट्यावर डबा, भरलेला.

"हे काय?"

"तुयासाठी नेला होता," बाबा म्हणाले. "मैदानाच्या जाळीले चिटकून आवाज देला. साहेबानं वळून नाही पाह्यलं. मंग बस होती."

"आवाज आलाच नाही हो बाबा. कान झाकलेले. तुम्हीच घ्यायले लावला न तो?"

"हाव," ते म्हणाले. "लागलं तं नाही ना कुठं?"

हसत म्हणाले. पण त्या 'साहेबा'त थट्टा होती की दुसरं काही, ते मला आजही सांगता येत नाही. शिकलेल्या पोराला चारचौघांत बापाची लाज वाटली, असं तर त्यांनी धरलं नसेल? विचारायचं राहिलं. पुन्हा ते सामन्याला आले नाहीत. दोन पावसाळ्यांनी गेलेच.

आता नवे अंपायर मला विचारतात, सर, मास्क कोणता घ्यावा? मी सांगतो, डोकं पूर्ण झाकणाराच घ्या. जबडा पुन्हा मिळत नाही. फक्त डाव बदलताना तो काढायचा आणि एकदा मैदानाच्या जाळीकडे पाहून घ्यायचं.

"जाळीकडे काय असते, सर?"

"कोणी आलेलं असते."