जिभेकर नाना

नानांचं खरं आडनाव वेगळं होतं. नागावात ते कुणाला विचारलं असतं तर माणूस डोकं खाजवत बसला असता. जिभेकर म्हटलं की मात्र कुणीही घर दाखवी. पेल्यातली माडी घोटभर जिभेखाली धरली की ती कुठल्या वाडीतली, झाड विहिरीजवळचं की समुद्राकडचं, मडकं नीट धुतलं होतं की नव्हतं, हे सगळं ते सांगत. मी तेव्हा अलिबागला माडीच्या एका मक्तेदाराकडे कारकून होतो. त्याच्या दुकानांतली माडी आधी नानांच्या जिभेवरून जायची आणि मगच गिऱ्हाइकाच्या पेल्यात.

तोंडात घेतलेलं ते कधी थुंकत नसत. "माणूस जीव मुठीत धरून माडावर चढतो. त्याचं थुंकायचं?" असं म्हणत. पण खुद्द माणसांशी बोलताना ही माया कुठे जायची कोण जाणे. एकाने पाणी घातलेली माडी आणली, तर त्याच्या बायकोदेखत म्हणाले, "घातलंस ते घातलंस, निदान गोड्या विहिरीचं तरी घालायचंस." तो माणूस पुन्हा दुकानाची पायरी चढला नाही. मी म्हटलं, "नाना, जरा सबुरीनं बोलला असतात तर?" तर म्हणाले, "जीभ काय माझ्या हातात हाय?"

मला विषमज्वर झाला तेव्हा हाच माणूस एकवीस दिवस रोज सकाळी नागावहून अलिबागला चालत आला. हातात शहाळं. ते फोडून पहिला घोट स्वतः घेत, मान हलवत, मग माझ्या तोंडाला लावत. एकदा घोट घेतला आणि शहाळं खिडकीबाहेर फेकून दिलं. "खारट हाय. उद्या दुसऱ्या झाडाचं आणतो," म्हणाले, आणि तसेच उन्हात परत गेले.

दारूबंदी येणार हे नक्की झालं, तेव्हा मक्तेदाराने मुंबईच्या दोस्तांना बोलावलं. एक बस भाड्याने घेऊन किहीमपासून रेवदंड्यापर्यंत सगळ्या दुकानांची माडी एका दिवसात चाखायची, असा बेत ठरला. बोलता बोलता मीच बढाई मारली, की आमच्याकडे डोळे बांधून वाडी ओळखणारा माणूस आहे. मक्तेदार मांडीवर थाप मारून म्हणाला, "मग त्याला घ्या बसमध्ये. गंमत येईल."

नाना धुतलेलं धोतर, काळी टोपी आणि लग्नातला कोट घालून आले. किहीमला त्यांचे डोळे रुमालाने बांधले. त्यांनी वाडी ओळखली, झाड चढणाऱ्याचं नावसुद्धा सांगितलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. नाना लाजून हसले. थळला ओळखलं, अलिबागला ओळखलं. आक्षीला पोचेपर्यंत पाहुण्यांना चांगलीच चढली होती. एकाने नानांची टोपी स्वतःच्या डोक्यावर घातली, दुसरा त्यांना "चल रे जिभल्या" म्हणू लागला. नाना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "कारकुना, हे माडी पितात का मला?"

पुढचं गाव नागाव. दुकानासमोर सगळी आळी जमली होती. नानांचा मुलगा होता, सून होती. डोळे बांधल्यावर नाना एरवीपेक्षा ताठ उभे राहिले. तेवढ्यात एका पाहुण्याने पानाचा डबा काढला आणि त्यातला सगळा चुना पेल्यात ढवळला. मी दोन पावलांवर होतो. "नाना, घेऊ नका," एवढंच म्हणायचं होतं. मक्तेदाराने माझ्याकडे पाहून तोंडावर बोट ठेवलं, आणि मी बसच्या चाकाकडे पाहू लागलो.

नानांनी घोट जिभेखाली धरला. रुमालाखालून पाणी गालावर आलं. तरी त्यांनी तो थुंकला नाही. गिळला, आणि फाटलेल्या आवाजात म्हणाले, "माडी आमच्याच वाडीतली. चुना चौलच्या भट्टीचा."

लोक पोट धरून हसले. पाहुणा तर जमिनीवर बसला. नानांचा मुलगाही हसला.

रेवदंड्याला त्यांना पुन्हा उभं केलं. ओठ सुजून कोटाच्या बटणासारखे झाले होते. बराच वेळ तोंड हलवून ते म्हणाले, "न्हाय कळत." कुणीतरी ओरडलं, "म्हातारा संपला!" परतताना त्यांना नागावच्या फाट्यावर उतरवलं. बस पुरती थांबलीही नव्हती. मी बसमध्येच बसून राहिलो.

जिभेवरचे फोड बरे झाले, चव परत आली नाही. दारूबंदी लागली, दुकानं बंद पडली, मी उरणला मिठागरावर नोकरीला लागलो. गावातले लोक म्हणायचे, तशीही आता ती जीभ कुणाला हवी होती?

चार-पाच वर्षांनी एका दुपारी धीर करून मी त्यांच्याकडे गेलो. नाना जेवायला बसत होते. "बस रे कारकुना, माझ्याबरोबर जेव," म्हणाले. सून घाईने पुढे आली. "तुम्ही थांबा, तुमच्यासाठी वेगळं करते." पण नानांनी हट्टाने आपल्या ताटातला कालवलेला भात माझ्यापुढे सरकवला होता.

पहिल्याच घासाला मला कळलं. मासळी नासलेली होती. दोन दिवसांची तरी असेल. मी सुनेकडे पाहिलं. चुलीपुढची राख ओढत ती पुटपुटली, "त्यांना कुठं काय कळतंय? मग फेकायचं का?"

नानांना आता कमी ऐकू येत होतं. ते माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होते.

"मला गरम हाय का गार, एवढंच कळतं," ते म्हणाले. "तू सांग. कसं झालंय?"

"छान झालंय, नाना."

त्यांचा चेहरा उजळला. आयुष्यात कुणाच्या हातच्या घासाला बरं न म्हटलेला तो माणूस चुलीकडे वळून म्हणाला, "ऐकलंस का गं सूनबाई? तुझ्या हाताला चव हाय!" आणि ताट जवळ ओढून त्यांनी आणखी कालवण मागितलं.