जाळू नका, बुडवा

टीव्हीवर मेलेला माणूस परत येतो की नाही, हे तो कसा मेला यावर ठरतं. दरीत पडला तर येतो. गाडीला आग लागली तरी येतो, पण प्लास्टिक सर्जरी करून नवा चेहरा घेऊन येतो, म्हणजे जुन्या चेहऱ्याच्या नटाने घरी बसायचं. विष प्यायला तर लेखकाच्या मर्जीवर. पण एकदा चितेवर ठेवला, मुलाने अग्नी दिला आणि कॅमेऱ्याने ते चारी बाजूंनी दाखवलं, की संपला. मग फार तर जुळा भाऊ येऊ शकतो. मी आजवर इतक्या तऱ्हांनी मेलो आहे की या विषयात माझ्याशी कुणी वाद घालू नये.

म्हणून आमच्या मालिकेतल्या आजोबांना मारायचं ठरलं, तेव्हा मी 'का' विचारलं नाही. 'कसं' एवढंच विचारलं.

हे आजोबा मला फार उशिरा मिळाले होते. माझा जन्म बनारसचा, संकठा घाटाच्या वरच्या गल्लीतला. घरी मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि दोन्हींची खिचडी झालेली तोंडात. चौकातल्या साड्यांच्या दुकानात मी गिऱ्हाईक पटवायला शिकलो आणि तेवढ्या भांडवलावर मुंबईला आलो. तिथे मराठी मालिकावाले म्हणाले, "तुमच्या मराठीला हिंदीचा वास येतो." त्यांनी मला दूधवाला भय्या केलं. हिंदीवाले म्हणाले, "आपकी हिंदी में मराठी टच है." त्यांनी मला हवालदार केलं. भय्या आणि हवालदार, हवालदार आणि भय्या. मधूनमधून दार उघडणारा नोकर, तारखा देणारा वकील, हिरॉइनला चक्कर आली की नाडी बघून गोड हसणारा डॉक्टर. वर्तमानपत्रात एकदा माझ्याबद्दल चार ओळी आल्या. त्यात मला 'अष्टपैलू' म्हटलं होतं. अष्टपैलू म्हणजे ज्याला कुणीच आपला म्हणत नाही तो.

पण मी गप्प बसणारा नव्हतो. प्रत्येक भूमिकेत मी काहीतरी घासाघीस करून घेतलं. पोस्टमनला एकच वाक्य होतं, तर मी त्याला चष्मा मागून घेतला. चष्मा पुसल्याशिवाय पत्ता वाचता येत नाही, आणि पुसेपर्यंत कॅमेऱ्याला दुसरीकडे जाता येत नाही. एका हवालदाराला मी दाढदुखी लावली. तो गाल धरून उभा राहायचा, त्यामुळे खुनाच्या चौकशीत लोक इन्स्पेक्टरपेक्षा माझ्याकडेच जास्त बघायचे. इन्स्पेक्टरने तक्रार केली. मग दाढ काढली, असं दाखवून मी गालात कापूस ठेवून आणखी काही भाग काढले.

आणि मग एका हिंदी मालिकेत हे आजोबा आले. बनारसचं एकत्र कुटुंब, त्याचे कर्ते आजोबा. धोतर, खडावा, बैठकीत मधली खुर्ची. पहिल्यांदाच मला कुणी दार उघडत होतं. माझ्या तोंडची खिचडी इथे चालून गेली, कारण कोणाला फरक कळत नव्हता. मी त्या खुर्चीवर बसलो आणि ठरवलं, इथून आता उठायचं नाही.

पण मालिकेचे आकडे घसरले की घरातला सर्वांत म्हातारा आधी मरतो. मालिकेची क्रिएटिव्ह म्हणजे कुणी जगायचं न् कुणी मरायचं हे ठरवणारी मुलगी. ती माझ्या नातीच्या वयाची होती. लाडाने म्हणाली, "सर, बहुत ग्रँड डेथ है. बनारस में शूट. मणिकर्णिका पे चिता!"

"चिता नको," मी म्हणालो. "मला बुडवा."

"क्यों सर?"

तिला खरं सांगितलं असतं तर ती हसली असती. मी म्हणालो, चिता सगळेच दाखवतात. पहाटेचा घाट, आजोबा स्नानाला उतरतात, पाय घसरतो, आणि पाण्यावर फक्त एक खडाव तरंगत जाते. प्रेत सापडत नाही. सुनेने महिनाभर आशा धरून रडायचं. रोज रडणार, रोज भाग. चितेवर एकदाच रडता येतं.

साडीच्या दुकानात मी शिकलो होतो की आपल्याला जे खपवायचं आहे ते गिऱ्हाइकाच्या फायद्याचं आहे असं वाटलं पाहिजे. दोन बैठकांत तिने मान डोलावली. मी मनात म्हटलं, प्रेत नाही, म्हणजे दार उघडं आहे. आकडे आणखी घसरले की हेच मला शोधत येतील.

शूटिंग माझ्याच गावात. खडावेचा शॉट सुरेख झाला. माझ्या जागी पाण्यात उडी मारणारा मल्लाह, म्हणजे घाटावरचा नावाडी, माझ्यापेक्षा चांगला बुडाला. मग शोक करायचा प्रसंग होता आणि त्यासाठी प्रॉडक्शनवाल्यांनी दशाश्वमेधवरून एक पंडित आणला होता. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं करणारा, कानटोपी घातलेला, नाकावर चष्मा ओघळलेला. तो माझा थोरला भाऊ होता.

मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यानेही ओळख दाखवली नाही. माझ्या कामाला तो आयुष्यभर 'सोंगं' म्हणत आला आहे. दर दिवाळीला फोनवर विचारतो, "सध्या काय सोंग? हवालदार की भय्या?"

दिग्दर्शक त्याला म्हणाला, "पंडितजी, कुछ मंत्र बोल दीजिए, पीछे घरवाले रोएँगे."

"बॉडी मिली?" भावाने विचारलं.

"नहीं मिली."

"फिर दाह किसका?"

"दाह नहीं है, पंडितजी. सिर्फ रोना है."

"रोने में पंडित का क्या काम?" भाऊ म्हणाला आणि कमंडलू उचलून निघाला. मग जाता जाता थांबला आणि अगदी सहज सांगून गेला, की देह मिळाला नाही तरी शास्त्रात सोय आहे. पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा पुतळा करायचा, त्यालाच प्रेत मानायचं, आणि विधिपूर्वक जाळायचं.

दिग्दर्शकाचे डोळे चमकले. मी मेकअपसकट भावाला ओढून बुरुजाआड नेलं. तिथे आमची मराठी कुणाच्या कानावर जाणार नव्हती.

"दादा, तुला तोंड बंद ठेवता येत नाही? किती मुश्किलीने मी जळायचा वाचलो होतो!"

"मला विधी विचारला, मी बताया."

"तुला मंत्र विचारला होता!"

"विधीशिवाय मंत्र म्हणू? काय फिल्मी गाणं आहे?"

"इथे सगळं खोटंच असतं, दादा!"

"तुझं असेल. माझं नाही. आणि हळू बोल, तू मेलेला आहेस."

पुतळा जाळला. त्याला माझं धोतर नेसवलं होतं. मी घाटाच्या वरच्या पायरीवर बसून द्रोणात चुडा-मटर, म्हणजे आमचे बनारसी मटार-पोहे, खात स्वतःला जळताना पाहत होतो. मटार छान कोवळे होते. माझ्या मुलाचं काम करणारा पोरगा मडकं कुठल्या खांद्यावर घ्यायचं हे विसरला आणि भावाने त्याला सर्वांदेखत झापलं. "बाप के साथ जिंदगी भर रहे, कंधा भी याद नहीं?" पोराला खरंच रडू आलं. दिग्दर्शकाने ते ठेवून दिलं.

मी द्रोण फेकला आणि उठलो. माझ्या हिशेबाने खुर्ची गेली होती. प्रेत नाही म्हणून उघडं ठेवलेलं दार सख्ख्या भावाने लावलं होतं, तेही बाहेरून कडी घालून.

तेवढ्यात भाऊ हात पुसत क्रिएटिव्ह मुलीला म्हणाला, "एक बात ध्यान में रखना, बेटी. अब ये आदमी लौट आया, तो बड़ी मुसीबत है."

"कैसी मुसीबत?"

"दाह हो गया है. जिंदा लौटे तो भी मरा हुआ है. उसे फिर से जन्म देना पड़ेगा. घी के कुंड में डुबोकर निकालो, बच्चे जैसा. फिर जातकर्म, नामकरण, जनेऊ. और अपनी ही पत्नी से दुबारा विवाह."

मुलीने फोन काढून रेकॉर्डिंग सुरू केलं. "विवाह भी? उसी से?"

"उसी से."

"बारात के साथ?"

भावाने चष्म्यावरून एकदा माझ्याकडे पाहिलं. "बारात को शास्त्र में मनाई नहीं है."

त्या दुपारी घरी मी त्याला विचारलं, हे मुद्दाम केलंस की तोंडातून निघालं? तो वरणात लिंबू पिळत म्हणाला, "तू म्हणे बार्गेनिंगमध्ये उस्ताद. बुडालेल्याला परत आणून काय मिळतं? दोन दिवसांची रडारड. जळलेल्याला परत आणलं तर बारशापासून लग्नापर्यंत सगळं पुन्हा करावं लागतं." मग वहिनीला म्हणाला, "ह्याला तूप वाढ. पुढे लागणार आहे."

मी मुंबईला परतलो. एका मराठी मालिकेत भाजीवाला भय्या झालो. वाट पाहत राहिलो. आकडे माझ्या अपेक्षेप्रमाणे घसरले, आणि फोन आला.

"सर! दादाजी लौट रहे हैं! घी का कुंड, नामकरण, शादी, सब ले रहे हैं!"

मी घाई केली नाही. घाई दाखवली की भाव पडतो. सावकाश विचारलं, बनारसला किती दिवस, खोली नदीच्या बाजूची की गल्लीच्या. ती हळूच म्हणाली, "सर, वो... नया जन्म है ना. तो चैनल को लगा, नया चेहरा."

नवा चेहरा म्हणजे एकेकाळचा एक हिरो, माझ्याहून बराच तरुण, डोक्यावर स्वतःचे केस. दुसरं लग्न लावायचं तर नवरदेव जरा बघणेबल हवा, असं चॅनेलचं म्हणणं. मी फोनवर जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही. शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज बंद करून ऐकलं. दार मी उघडं ठेवलं, भावाने ते रुंद केलं, आणि आत शिरला हा!

माझा दम संपेपर्यंत मुलगी थांबली. मग म्हणाली, "सर, एक रोल है. पंडितजी का. आपके भा... वो घाटवाले पंडितजी को पूछा था, उन्होंने मना कर दिया. बोले, सोंग में काम नहीं करूँगा, मगर एक आदमी है जिसके उच्चार ठीक हैं." म्हणजे नातं भावाने स्वतःच फोडलं होतं. लांब दाढी लावायची होती, त्यामुळे मेलेल्या आजोबांचा चेहरा कुणाच्या लक्षात येणार नव्हता. माझी इतक्या वर्षांची ख्याती ती हीच.

मी नाही म्हणणार होतो. पण रागात असलो तरी माझं डोकं चालू असतं. बारसं, मुंज, लग्न. तिन्ही ठिकाणी आजोबा एखाद्या शॉटला नसले तरी चालेल. पंडित नसला तर चालणार नाही.

मी एकच अट घातली. कुंडात पाण्यात रंग कालवून चालणार नाही. तूपच हवं. "डिटेल से ही दर्शक बँधता है," मी म्हणालो. मुलीला ते पटलं.

जानेवारीतली सकाळ. घाटावर धुकं. तांब्याची मोठी काहील, तीत तूप, आणि तुपाला थंडीत काय होतं हे मी सांगायला नको. नवे आजोबा धोतर नेसून आत उतरले आणि त्यांच्या तोंडून जो शब्द निघाला तो नवजात बालकाला शोभणारा नव्हता. मी मंत्र सुरू केला. भावाने आदल्या दिवशी पूर्ण घोकून घेतला होता, एकही ओळ गाळू दिली नव्हती. दिग्दर्शक खुणा करत होता, छोटा करा, छोटा करा. मी डोळे मिटले होते. पंडित मध्ये थांबत नाही. संपला तेव्हा एका नावेच्या इंजिनाचा आवाज टेकमध्ये आला होता. पुन्हा पहिल्यापासून. गर्दीत एक कानटोपी हसू दाबत उभी होती.

मधल्या वेळात नवे आजोबा कुडकुडत माझ्याकडे बघत राहिले. मिशीवर तूप गोठलं होतं. "पंडितजी, आप इस सीरियल में पहले भी थे क्या? चेहरा पहचाना सा लगता है."

"नहीं," मी म्हणालो. "पहली बार."

तो भाग लागला. एकाही प्रेक्षकाने मला ओळखलं नाही. पण बारसं चाललं, मुंज चालली, लग्न तर आठवडे चाललं, आणि त्या घरात आता माझ्याशिवाय पान हलत नाही. मुहूर्त मी काढतो, दोष मी काढतो, शांत मी करतो. नव्या आजोबांना मध्ये हृदयाचा झटका आला, तेव्हाही डॉक्टरच्या आधी मला बोलावलं. खुर्ची अजून त्यांची आहे. मी पाटावर बसतो. तो राग आहेच.

सेटच्या भिंतीवरचा माझा चंदनाचा हार घातलेला फोटो आता निरुपयोगी झाला होता. कलाविभागवाले फेकणार होते. मी भांडून तो मिळवला आणि बनारसला नेला. वहिनी किंचाळली. भावाने शांतपणे हार काढून घेतला, वास घेतला, खरं चंदन आहे की नाही ते पाहिलं, आणि फोटो माझ्या हातात परत दिला.

"हार ठेवतो," तो म्हणाला. "कामाला येईल."

"कुणाच्या?"

"ते बघू. पण तुझ्यावर आला तर या वेळी मी जाळीन, आणि नीट जाळीन. परत यायला जागा ठेवणार नाही."