गोजराक्कांचा निलसकल्लु

गोजराक्का रोज सकाळी दगडाशी भांडत. ऐकीव नाही सांगत मी. आमचं बिऱ्हाड त्यांच्याच घरात, आणि आमच्या मोरीची खिडकी नेमकी त्या दगडासमोर. "तुम्हाला काय होतंय नुसतं उभं राहायला? म्हशीनं दूध चोरलंय, रहाट मोडलाय, आणि तुम्ही आपले ढिम्म!" आधी पाणी घालायचं, फूल ठेवायचं आणि मग हे सुरू. दोन पुरुष उंचीचा तो दगड मुकाट ऐकून घ्यायचा. नवरे तरी दुसरं काय करतात म्हणा!

त्यांच्या लेखी तो नवराच होता. जयसिंगराव फौजेत होते. चव्वेचाळीस साली ब्रह्मदेशाच्या लढाईत गेले, घरी आली ती नुसती तार. तेव्हापासून अक्का सगळ्यांना सांगत, की हा त्यांचा वीरगळ, मी उभा करवलाय. लढाईत पडलेल्याच्या नावानं दगड उभारतात, तो वीरगळ. आता वीरगळावर घोडा असतो, तलवार असते. यावर साधी रेघही नव्हती. कुणी विचारलंच, तर "आमचे साधे होते" एवढं बोलून अक्का अशा बघायच्या, की पुन्हा विचारायची कुणाची टाप नव्हती.

मी पुण्याची. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे कानडी मुलखात आलेलं. "प्रेमा, स्वल्प ताक दे की गं," असं त्या म्हणाल्या, की माझ्या जिभेला खाज सुटायची. एकदा सुधारायला गेले. "तुझं मराठी काल आगगाडीतनं उतरलंय," त्या म्हणाल्या. "आमचं तीनशे वर्षं इथलं पाणी पितंय." मी ताक दिलं.

अठ्ठावन्न साली शहरातल्या बसवनगुडीपलीकडे, आमच्या गावाशी, नवी वसाहत आखायला माणसं आली. अक्कांच्या नाचणीच्या शेतातून चुन्याची रेघ ओढली, ती बरोबर दगडावरून गेली. इथून रस्ता जाणार, दगड सुरुंगानं फोडणार, त्याची खडी होणार. अक्का दोन दिवस जेवल्या नाहीत. मी ताट घेऊन गेले, तर म्हणाल्या, "एकदा माझ्या माघारी गेले. आता डोळ्यांदेखत फोडणार." मी ताट तसंच परत आणलं.

मोजणीवाल्यांत गुंडू नावाचा एक म्हातारा होता. जाता जाता तो आमच्या ह्यांना मोडक्या हिंदीत म्हणाला, "हा निलसकल्लु दिसतोय. जुन्या वास्तूंच्या खात्याला कळवा. जुना निघाला, तर रस्ता वळवतील."

आमचे हे म्हणजे दामोदर, सरकारी कारखान्यात इंजिनियर. चार वर्षांत ह्यांना कन्नड आलं होतं ते 'सरी' म्हणजे बरं आणि 'बेडा' म्हणजे नको, एवढंच. पण हुशारी केवढी! कल्लु म्हणजे दगड, हे कुठंतरी ऐकलं होतं. मग निलस म्हणजे निळसर, दुसरं काय? खात्याला पत्र टाकलं, आणि साहेब यायच्या आत निळा रंग दिसायला हवा म्हणून रविवारी सोडा आणि काथ्या घेऊन शिडीवर चढले. सकाळपासून दुपारपर्यंत घासला दगड. मी मोरीतून ओरडत होते, "अहो, घरातली भांडी कधी अशी घासली नाहीत!" पण ऐकतील तर शपथ.

अक्का बाहेर आल्या आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "लग्नापासून मीसुद्धा यांना एवढं न्हाऊ घातलं नव्हतं," त्या म्हणाल्या, आणि किती दिवसांनी खदखदून हसल्या. "दामोदरअण्णा, निळं कुठलं आलंय? निलिसु म्हंजे उभं करणं. निलसकल्लु म्हंजे उभा केलेला दगड!" हे शिडीवरून खाली आले. माझं हसू मात्र रात्रीपर्यंत आवरलं नाही.

खात्याचे नरसिंहराव आठवड्यानं आले. शांत माणूस. दगडाभोवती फिरले, बुंध्याशी थोडं उकरून पाहिलं, आणि म्हणाले, "फार जुना आहे. माणसाच्या हाती लोखंड नुकतंच आलं असेल, त्या काळातला." ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू दगड ह्यांनीच घडवला होता. नरसिंहराव लिहायला लागले, तेवढ्यात वसाहतीचा मुकादम म्हणाला, "कसला जुना? चौदा वर्षांमागं ह्या अम्मांनीच उभा करवलाय. अख्ख्या गावाला विचारा."

लेखणी थांबली. "खरं का अम्मा?" नरसिंहराव म्हणाले. "तसं असेल, तर माझ्या हातात काही नाही."

सगळे अक्कांकडे बघायला लागले. त्या हो म्हणाल्या, तर दगड जाणार. नाही म्हणाल्या, तर चौदा वर्षं गावाला खोटं सांगितलं असं होणार, आणि जयसिंगरावांच्या नावाचं या जगात काहीच उरणार नाही.

अक्कांनी पदर खांद्यावर घट्ट ओढला. "लिहा," त्या म्हणाल्या. "मी उभा केलेला नाही. लग्न होऊन आले, तेव्हा हा होताच, बांबूच्या बेटात झाकलेला. तार आली त्या दिवशी मला कुठंतरी डोकं टेकायचं होतं, म्हणून इथं टेकलं. कुणी विचारलं, तर तोंडातनं निघून गेलं, की हा त्यांचा. नंतर परत घेता येईना."

मुकादमसुद्धा खाली बघायला लागला. माझे तर डोळे भरून आले. नरसिंहरावांनी लिहून घेतलं, कागद पुढे केला, सहीची जागा दाखवली. अक्कांनी हातात लेखणी धरली, पण सही करेनात.

"मग हा उभा केला कुणी?" त्यांनी विचारलं.

"ते कसं कळणार अम्मा? त्या लोकांना अक्षरं नव्हती. आपलं माणूस गेलं, की असा दगड उभा करत असावेत."

"कुणाचं माणूस?"

"कुणाचंतरी. नाव आता कुणालाच माहीत नाही."

गोजराक्कांनी सही केली आणि कागद त्यांच्या हातात दिला.

"मग इतकी वर्षं मी तरी काय वेगळं सांगत होते?" त्या म्हणाल्या.