पोटावरच्या बाटल्या

बोलायला लागण्याआधी तो पोटावर हात ठेवायचा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावं, याला पित्ताचा त्रास आहे. तुम्हीही तसंच समजला असता. शर्टाच्या आत कापडी पट्टा असायचा, त्यात शाळेतल्या पोरांच्या थुंकीच्या बाटल्या. त्या जागेवर आहेत ना, एवढंच तो चाचपायचा.

पेण आणि रोह्याच्या मधल्या शाळांत आमचं काम होतं. मी दंतवैद्य, तो मदतनीस. पहिलीच्या पोरांना मेणाचा तुकडा चघळायला द्यायचा, सुटलेली लाळ एका पट्टीवर घ्यायची आणि ती पट्टी बाटलीत घालून दोन दिवस उबेत ठेवायची. निळे ठिपके जितके दाट, तितके दात किडवणारे जंतू जास्त. दात पांढरेशुभ्र असतानाच पुढे कोणाचे किडतील याचा अंदाज यायचा. उबेची पेटी होती, पण विजेचा भरवसा नव्हता.

"सदतीस डिग्री तर माझ्या पोटालाच हाय, मॅडम. तीबी फुकट," तो म्हणाला. हे शास्त्रात बसणारं नव्हतं. मी हसले आणि चालू दिलं. त्याची बायको त्याला विचारायची म्हणे, "अंडी उबवताय काय?"

पोरं थुंकायला लाजायची. "थुक गो, थुक. घरात थुकलीस तर मार, हितं शाबासकी," असं तो म्हणाला की सगळा वर्ग खिदळायचा. मग थुंकणं आवरता आवरायचं नाही. काहीजण मेणच गिळून टाकायचे.

एकदा तो सकाळीच दारात येऊन उभा राहिला. "मॅडम, दोन दिवस मला ताप व्हता. बाटल्या अंगावरच व्हत्या."

त्यातली एक पट्टी निळीभोर झाली होती. ती भातशेतीवाल्या घरातल्या एका मुलीची होती. तिच्या खालच्या दोन पक्क्या दाढा नुकत्याच हिरडीतून वर आल्या होत्या. चहात बिस्किटं बुडवून खाऊन शाळेत यायची आणि याला 'काका' म्हणायची.

"माझ्या तापानं झालं असंल," तो म्हणाला. तसंच असावं, असं त्याला मनापासून वाटत होतं. मी पुन्हा लाळ घ्यायला लावली. या वेळी त्याचं अंग गार होतं. पट्टी तशीच निळी आली. ती त्याने उजेडाकडे धरून उलटसुलट करून पाहिली.

मग म्हणाला, "अजून वेळ हाय. तुमच्या कपाटात ते दातांना लावायचं औषध हाय ना? दोनच दाढा, मॅडम."

औषध होतं. पण वर्षभर नुसतं बघायचं, काही लावायचं नाही, असा प्रकल्पाचा नियम होता. मी वर पत्र लिहिलं आणि पत्र लिहिलं म्हणजे काम झालं असं समजून बसले. तो दर आठवड्याला विचारायचा. एकदा मीच वैतागून म्हटलं, "कळत कसं नाही तुम्हाला? नोकरी जाईल तुमची." त्यानंतर त्याने विचारलं नाही. तिला एक ब्रश मात्र स्वतः नेऊन दिला.

वर्षाने आम्ही त्याच शाळेत गेलो. तिने सवयीने तोंड उघडलं. दोन्ही दाढा काळ्या, मधे खड्डे. "काका, थुकू?" तिने विचारलं.

"नको गो," तो म्हणाला. त्याने मेणाचा डबा बंद करून पिशवीत टाकला.

काही दिवसांनी प्रकल्प गुंडाळला. तो डोलवीला कंपनीत कंत्राटावर लागला.

गेल्या वर्षी कोलाडला चहाच्या टपरीवर भेटला. वाळला होता. बोलण्याआधी हात पोटाकडे गेला आणि नुसताच खाली आला.

"ती पोरगी?" त्याने विचारलं.

"काढाव्या लागल्या," मी म्हटलं.

"दोन्ही?"

"दोन्ही."

त्याने चहा संपवला. "तवा चोरून लावलं असतं तर, मॅडम?"

मी म्हटलं, "तुमची नोकरी गेली असती."

"ती तशीबी गेलीच," तो म्हणाला, आणि शिफ्टची वेळ झाली म्हणून उठला.