पावणं, दिवा लावू नका

फ्लॅट दाखवायला आलेला माणूस कुलूप उघडून आत शिरला, की आधी पटापट सगळी बटणं दाबतो. हॉल झगमगतो, बेडरूम झगमगते, आणि मग तो हसून आपल्याकडे बघतो. आमच्याबरोबर आक्का असायच्या. त्या दारात चपला काढत, हॉलकडे ढुंकूनही न बघता थेट स्वयंपाकघरात शिरत आणि तिथूनच ओरडत, "पावणं, दिवा लावू नका! बंद करा ते समदं. मला उजेड बघायचा हाय."

तो बिचारा गडबडून बटणं बंद करी. आक्का ओट्याला टेकून, खिडकीकडे तोंड करून उभ्या राहत. यायची वेळही त्यांनीच ठरवलेली असे, उन्हं कलल्यावरची. आम्ही नवरा-बायको, आमची मनू आणि तो पावणा, असे चौघं अंधारत चाललेल्या हॉलमध्ये एकमेकांची तोंडं बघत ताटकळायचो. शेवटी आतून निकाल यायचा, "हितं दिवस लवकर मावळतोय. चला."

आक्का म्हणजे आमच्या घरमालकीण. मंगळवार पेठेतल्या एका बोळात त्यांचं दुमजली घर होतं. खाली त्या एकट्या, वर आम्ही भाड्यानं. त्या जैन. पाणी गाळून प्यायचं आणि दिवस मावळायच्या आत जेवायचं, यात तापबीप आला तरी सवलत नाही. त्यामुळं कुठल्याही घराची परीक्षा त्या एकाच गोष्टीवर करत: या स्वयंपाकघरात शेवटचा घास उजेडात घेता येतो का? बाकी टाइल्स, लिफ्ट, पार्किंग वगैरे गोष्टी त्यांच्या लेखी किरकोळ होत्या.

जागा द्यायच्या आधी त्यांनी आम्हाला दोनच प्रश्न विचारले होते. "पोरगी रडकी हाय का?" आणि "घरात हाड आणणार न्हाय न्हवं?" आम्ही दोन्हींना मान हलवून नाही म्हटलं. पहिलं साफ खोटं होतं, मनू तेव्हा ऊठसूट भोकाड पसरायची. दुसरं मात्र आम्ही पाळलं. आता कोल्हापूरच्या पुरुषाला रविवारी घरात मटण नाही म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको. आमचे हे रविवारी सकाळी अंघोळ करून, कडक इस्त्रीचा शर्ट घालून थोरल्या दिरांकडे जायचे आणि दुपारी तांबडा रस्सा ओरपून, डोळे जड करून परत यायचे. आक्का जिन्याखालूनच विचारायच्या, "आला का जावई देवाला जाऊन?"

ह्यांना त्या जावईच म्हणायच्या. मग मी लेक झाले हे ओघानं आलंच. आणि मनू तर त्यांच्याच ताटात वाढली. मी डोळ्यांच्या दवाखान्यात केसपेपर लिहायला असते, हे वारणानगरला नोकरीला. दोघंही घरी पोचेपर्यंत दिवेलागण होऊन गेलेली असायची. तोवर आक्कांनी मनूला समोर बसवून जेवू घातलेलं असायचं. आम्ही रात्री जेवायला बसलो की ती पोरगी आमच्याकडे असं बघायची, जणू आम्ही काही चोरूनच खातोय.

ह्यांची घराची व्याख्या सोपी होती. "ज्यात रविवारी आपलं मटण शिजतं, ते आपलं घर." माझी तेवढी सोपी नव्हती. मला एवढंच कळत होतं की मनू मोठी होत चाललीय आणि आपण अजून भाड्याच्या दोन खोल्यांत आहोत. पण आत्ता घ्यावं की थांबावं, या प्रश्नानं माझ्या डोक्याची पार मंडई झाली होती. थोरले दीर म्हणत, "थांब की, दर लई चढल्यात, उतरतील." दवाखान्यातल्या सिस्टर म्हणत, "घराचे दर उतरलेले कुणी बघितलेत हो मॅडम? घेऊन टाका." ह्यांचे मित्र म्हणत, व्याज खाली येणार आहे, दिवाळीपर्यंत कळ काढा. माझी आई म्हणाली, "मनूचं लग्न आधी का घर आधी, ते ठरवा." मनू तेव्हा चौथीत होती! गंमत म्हणजे, जो बोलेल त्याचंच मला पटायचं. दोन बायका एकाच दिवशी दोन उलट गोष्टी सांगून गेल्या, तर मी दोघींनाही "अगदी बरोबर" म्हणून मोकळी व्हायचे.

आणि आक्का? त्या एकट्याच दोन्ही बाजूंनी बोलायच्या. सकाळी मी कामाला निघाले की, "घ्या की घर! किती दिवस दुसऱ्याच्या छपराखाली काढणार? पोरीला आपली भिंत नको व्हय, खिळा मारायला?" आणि त्याच दिवशी संध्याकाळी मी जिना चढताना, "थांबा की जरा. गडबड काय हाय? तुमास्नी कुणी हाकलतंय व्हय?" मी पायरीवरच उभी राहून विचार करायचे, सकाळची आक्का खरी का आत्ताची? पण विचारायचं धाडस नव्हतं. आक्का उलट विचारलेलं खपवून घेत नसत.

घरं बघायला यायचा हट्ट त्यांचाच होता. एके ठिकाणी स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर शेजारच्या इमारतीची भिंत होती, हात लांब केला तर लागेल इतकी जवळ. "हितं दुपारीच रात हाय," म्हणून त्या आल्या पावली फिरल्या. दुसऱ्या एका तळमजल्याच्या घरात मात्र उजेड असा मनमोकळा, की मी मनातल्या मनात पडदेसुद्धा लावून टाकले. आक्का बाहेर गेल्या आणि शेजारी तुळशीला पाणी घालणाऱ्या बाईंना त्यांनी विचारलं, "बाई, पुराचं पाणी कुठवर येतंय ओ हितं?" त्या बाईंनी एका हातात तांब्या धरून दुसऱ्या हातानं वर बोट केलं. खिडकीच्याही वर. आमच्याबरोबरचा पावणा एकदम मोबाईलमध्ये बघायला लागला. आक्का म्हणाल्या, "उजेड झकास हाय. फकस्त एक होडी घ्या."

अशी किती घरं नापास झाली, देव जाणे. एके दिवशी ह्यांचा संयम सुटला. वर आल्यावर शर्टाची बटणं काढता काढता म्हणाले, "आपण जैन आहोत काय? आपण ट्यूबलाइट लावून साडेनऊला जेवतो. आपल्याला मावळतीच्या उजेडाचं काय लोणचं घालायचंय?" मी म्हटलं, हळू बोला, खाली ऐकू जाईल. मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "तुला सांगू? म्हातारीला आपल्याला सोडायचंच नाही. म्हणून प्रत्येक घरात खोट काढते."

मला ते लगेच पटलं. माझं काय, मला सगळंच पटायचं. पण यावेळी मनात रुतून बसलं. आक्कांचा एकुलता मुलगा पुण्याला, वर्षातून दोनदा येणार, गाडीतून खोकी उतरवणार, खोकी चढवणार आणि जाणार. आम्ही गेलो तर त्या घरात हाक मारायला कोण होतं?

आणि नेमकं तेव्हाच कसबा बावड्याचं घर सापडलं. दुसरा मजला, पुराची भीती नाही, आणि स्वयंपाकघराची खिडकी मावळतीला. खिडकीबाहेर ऊस, त्यापलीकडे आभाळच. साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं की मळीचा वास येतो, हे तिथल्या माणसानं आपणहून सांगितलं. वारणानगरला तोच वास घेणाऱ्या ह्यांना तर ते ऐकून बरंच वाटलं. आक्का नेहमीप्रमाणं आत जाऊन उभ्या राहिल्या. आम्ही हॉलमध्ये थांबलो. थांबलो, थांबलो, पण निकाल येईना. मी डोकावून पाहिलं तर ऊन अजून ओट्यावर होतं आणि आक्का तळहातानं तो ओटा पुसत होत्या. नवाच ओटा, त्यावर काय असणार पुसायला? बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "बरं हाय."

आक्कांच्या तोंडून "बरं हाय" म्हणजे पहिला नंबर! ह्यांनी तर तिथंच माझ्याकडे बघून डोळा मारला. पण परतताना आक्का रिक्षातून बोळाच्या तोंडाशी उतरल्या, दोन पावलं चालल्या आणि मागं वळून म्हणाल्या, "तरीबी थांबा की अजून वरीसभर."

तेव्हा माझं ठरलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणालाही न विचारता ठरलं. मी ह्यांना म्हटलं, "नको आपल्याला घर. या बाईंना टाकून मला नाही जायचं." वाटलं होतं, हे आकाशपाताळ एक करतील. ते पंख्याकडे बघत म्हणाले, "राहू दे. मटण काय, दादाकडं मिळतंयच की."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली गेले. आक्का नळाखाली घागर ठेवून, तिच्या तोंडावर पांढरं फडकं धरून पाणी गाळत होत्या. मी म्हटलं, "आक्का, काळजी करू नका. आम्ही कुठं जात नाही. घरबिर काही घेत नाही."

मला वाटलं, त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. त्यांनी ओल्या हातानं कपाळ बडवून घेतलं.

"अगं ए शहाणे! घेत न्हाय म्हंजे? मग मी काय हितंच बसू?"

मग कळलं ते असं. मुलगा कधीपासून मागं लागलेला, आई पुण्याला चल, हे घर बिल्डरला देऊ. आक्कांनी त्याला सांगून ठेवलं होतं, वरची मंडळी नीट जागेला लागू देत, मग मी हो म्हणतो. आणि हे आम्हाला सांगायचं नाही, असंही त्यांनीच ठरवलेलं. "सांगितलं असतं तर तुमी घाईनं कुठलंबी अंधारं खुराडं घेतलं असतंसा," त्या म्हणाल्या. "माझ्यापायी पोरीला अंधारात जेवाय लागलं असतं."

माझं डोकं भणभणलं. म्हटलं, "मग रोज संध्याकाळी थांबा थांबा कोण म्हणत होतं? काल रिक्षातून उतरून कोण म्हणालं?"

आक्कांनी नळ बंद केला. फडकं पिळलं, झटकलं, पुन्हा पिळलं. मग म्हणाल्या, "सकाळी वाटतंय, पोराकडं जावं, नातवंडात ऱ्हावं. सांजच्याला मनू ताटावर येऊन बसली की वाटतंय, कशाला जायचं? तुमी गेलासा म्हंजे मला जायाच लागतंय की. माझं मलाच कळंना झालंय पोरी, तुमास्नी काय सांगू?"

मी तिथंच पायरीवर बसले. आम्ही त्यांच्यासाठी थांबायला निघालो होतो आणि त्या इतके दिवस आमच्यासाठी थांबल्या होत्या. मी विचारलं, "मग आता करायचं काय?" आक्का घागर उचलता उचलता म्हणाल्या, "बावड्याचं सोडू नकोस. तसला उजेड परत गावायचा न्हाय." सकाळची वेळ होती. मी संध्याकाळ व्हायच्या आत ह्यांना फोन करून घर घ्यायला लावलं.

आम्ही बावड्याला गेलो आणि पाठोपाठ आक्का पुण्याला. मुलगा न्यायला आला, आक्कांचे गुडघे दुखत होते, आमच्या नव्या घरी यायचं त्यांचं राहूनच गेलं. गाडीत बसताना त्यांनी नवंकोरं गाळण्याचं फडकं माझ्या हातात कोंबलं आणि म्हणाल्या, "येतो की. उजेडात येतो, तुज्या घरात जेवून जातो." मनू गाडीच्या खिडकीला लोंबकळून रडत होती. जागा देताना विचारलेला प्रश्न आक्कांना तेव्हा आठवला असावा, कारण त्या म्हणाल्या, "रडकी हाय की गं पोरगी! फशिवलं मला."

नव्या घरातल्या पहिल्या रविवारी मी ह्यांना पिशवी दिली. म्हटलं, जा, आणा तुमचं मटण. ह्यांनी पिशवी खुंटीला अडकवली. "आधी आक्का जेवून जाऊ देत," म्हणाले. एकदा त्या ओट्यावर मटण शिजलं की आक्का तिथलं पाणीसुद्धा घेणार नाहीत, हे त्यांना माहीत होतं. मटणासाठी हौसेनं घेतलेलं मोठं पातेलं माळ्यावर गेलं. आणि हा माणूस स्वतःच्या मालकीच्या घरातून उठून दर रविवारी भावाकडे जायला लागला! जाऊबाईंनी विचारलं, "भावजी, घर घेतलंसा न्हवं? का स्वप्नातच?"

आक्का माझ्या सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी फोन करायच्या. पहिला प्रश्न, "उजेड हाय का अजून?" मी हो म्हणायचे. मग त्यांचं, चातुर्मास झाला की येतो. मग दिवाळी झाली की. मग गुडघा जरा वाकाय लागला की. दरम्यान शेजारी, आमच्या खिडकीची बाजू सोडून, नवी इमारत उठली. तिथले दर ऐकून कुणी म्हणालं, तुम्ही घाई केलीत. कुणी म्हणालं, वेळेवर घेतलंत. मला दोन्ही पटलं.

मागच्या आठवड्यात फोनवर त्यांनी एकदम विचारलं, "जावयानं मटण शिजीवलं का न्हाय?"

"नाही."

"का गं?"

"तुम्ही यायच्या आहात ना जेवायला."

मग आवाज आला, "शिजवा की."

मला रागच आला. "नाही शिजवत! तुम्ही या आधी."

"किती थांबशील गं पोरी? मी काय आता येत न्हाय." आणि मग, "पण जेवा उजेडात."

फोन ठेवून मी ओट्याला टेकून रडले. ह्यांना सगळं सांगितलं. शनिवारी बाजारातून एक छोटी शेगडी घेऊन आले. रविवारी माळ्यावरून पातेलं काढलं, हॉलच्या गॅलरीत शेगडी मांडली आणि पाठीवर ऊन घेत तिथंच मटण शिजवलं. अख्ख्या सोसायटीला वास गेला. आम्ही गॅलरीतच पंगत मांडली आणि दिवस मावळायच्या आत जेवलो. ताटंसुद्धा गॅलरीतच घासली.

संध्याकाळी फोन आला. "शिजीवलं?"

"शिजवलं."

"उजेडात जेवला?"

"उजेडात."

"बरं झालं," आक्का म्हणाल्या. कुठं शिजवलं, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. आत ओट्यावर अजून भाजी-भाकरीच होते. घागरीच्या तोंडावर ते पांढरं फडकं बांधलेलं आहे. हे म्हणतात, असू दे तसंच. न जाणो, आल्याच एखाद्या दिवशी.