मागून बसणारा ट्रक

दुसरी मोठी लढाई संपून सात-आठ वर्षं झाली होती आणि तिच्यातून धडधाकट परतलेले दोघेजण आमच्या घरी होते: एक मी आणि दुसरा आमचा ट्रक. मी लष्करात ट्रक चालवून आलो होतो आणि हा ट्रक लष्कराच्या लिलावातून आणलेला होता. चारही चाकांना इंजिनाचा जोर, त्यामुळे तो ढेकळांतूनसुद्धा चालायचा. तो घेण्यासाठी दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या भावानं, खिलारी बैलांची जोडी विकली. बैल गेले त्या दिवशी तो जेवला नाही. ट्रक आला त्या दिवशीही जेवला नाही, तेव्हा मात्र मला त्याचा राग आला. मला राग यायला तेव्हा फारसं निमित्त लागत नसे.

आमचं गाव चाकणच्या पलीकडे, ओढा ओलांडून वर. रिकामा ट्रक हसतखेळत ओढा पार करायचा. भरला की मात्र मागून बसायचा. मागचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या कमानदार स्प्रिंगा, सरळसोट व्हायचे, टायर वरच्या फळ्यांना घासून जळक्या रबराचा वास सुटायचा, आणि काठ चढताना शेपटाकडचा लोखंडी दांडा मातीत रुतायचा. दसऱ्यापर्यंत गावानं दोनदा बैल जुंपून आम्हाला बाहेर ओढलं. "नांगरट झ्याक झाली, आता पेरून घ्या," असं लोक म्हणायचे. मी भांडायला उठायचो आणि दादा मला दंडाला धरून बसवायचा.

अशात दादानं चावडीवर शब्द दिला. बुधवारी तळेगावच्या स्टेशनात बटाट्याचं बेणं उतरणार होतं. "समद्यांचं बेणं आमी ट्रकनं आणतो. कुणी गाड्या जुंपू नका," असं तो सगळ्यांदेखत बोलला. घरी आल्यावर मला हळूच म्हणाला, "ह्या टायमाला रुतला, तर ट्रक इकायचा आन् बैल आणायचे."

दादा एकदा बोलला की बोलला. बैल आले म्हणजे मी त्यांच्या मागे चालणार हे ठरलेलं. मला शेतीचा तिटकारा नव्हता, पण त्या ट्रकवर माझा जीव होता. तो गेला असता तर मी घरात राहिलो असतो की नाही, सांगता येत नाही.

मी ट्रक घेऊन चिंचवडला, मुंबई रस्त्यावरच्या एका मिस्त्रीकडे गेलो. दादाही बरोबर होता. मिस्त्री पाठीवर सरपटत ट्रकखाली गेला आणि तिथूनच ओरडला, "घासतंय काय ते आधी सांगा राव. आसाचा मधला गोळा, का शेपूट?"

"शेपूट," मी म्हणालो.

"मग इलाज आहे. गोळा आसालाच जडलेला; तो घासत असता तर पाटे आभाळाला नेले तरी तिथंच राहिला असता. त्याला चाकंच मोठी लागतात."

मग त्यानं बाहेर येऊन, बिडी पेटवून, तीन वाटा सांगितल्या. पाट्यांची टोकं ज्या कड्यांना लटकतात ती कडी लांब करायची. काम अर्ध्या दिवसाचं, पण ट्रक वळणावर झुलणार. दुसरी वाट, आस आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घालायचे. उंची हवी तेवढी मिळते, पण ब्रेक मारला की पाट्यांना पीळ बसतो, आणि बोल्ट सैल झाले तर ठोकळा निसटतो. तिसरी, पाटे उतरवून त्यांना नवी कमान द्यायची आणि वर एक पाटा वाढवायचा. हे काम सगळ्यात वेळखाऊ, आणि चांगला लोहार मिळाला तरच करावं.

मी ठोकळ्यांच्या बाजूचा. लष्करात पाहिले होते ना! अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस होतो मी. मिस्त्रीशी हुज्जत घालत होतो, तर दादा उकिडवा बसल्या बसल्या म्हणाला, "आपला चाकणचा लोहारबाबा बघंल की."

मी कपाळावर हात मारला. म्हातारा लोहारबाबा आमच्या बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवायचा. त्याला ट्रकचं काय कळणार? पण थोरल्यापुढे माझं चाललं नाही.

लोहारबाबानं ट्रकला एक फेरी मारली आणि सांगितलं, "रिकामा नगं दावू. रोज भरता तसा भरा."

समोरच्या वखारीबाहेर कांद्याची पोती होती. दादा स्वतः फळीवर चढला आणि नेहमीसारखी पोती लावू लागला, शेपटाकडून. मागे थरावर थर, आणि केबिनच्या मागची जागा मोकळी. ट्रक पाहता पाहता मागून बसला.

"आरं, ही तर उलाळ गाडी!" लोहारबाबा म्हणाला. "बैलगाडी आशी भरली आसती तर जू आभाळात गेलं आसतं. म्होरं का मोकळं सोडलंस?"

दादानं पोत्याला टेकून घाम पुसला. "म्होरं भार टाकला तर त्येच्या मानंवर येतो न्हवं? आपल्या जोडीच्या मानंला घट्टे पडलं व्हतं. ह्येला तरी नगं."

इंजिनाची मान! मला हसू फुटलं आणि लगेच लाज वाटली. इतके दिवस ट्रक भरताना मी केबिनमध्ये पाय पसरून बसायचो, ड्रायव्हरनं पोत्यांकडे काय बघायचं म्हणून. दादाला ट्रक आवडत नाही असं धरून बसलो होतो मी, आणि तो बिचारा त्याची मान जपत होता. त्या क्षणी मला दादाचे पाय धरावेसे वाटले.

लोहारबाबा हसला नाही. "ह्येला मान न्हाई, लेका," तो समजावून म्हणाला. "चारी पाय वढत्यात, चारींवर वझं दे. पर पाटंबी थकल्यात. ते करू."

म्हणजे मिस्त्रीची तिसरी वाट. ठोकळ्यांचं नाव मी पुन्हा काढलं नाही. दोन दिवस भाता चालला. पाटे लाल करून, चार बोटं कमान वाढवून त्यानं ते करंजीच्या तेलात विझवले, परत बेतानं तापवले, आणि मोडीतल्या एका ट्रकचा पाटा वरून चढवला.

बुधवारी तळेगावला बेण्याचं पहिलं पोतं दादानं केबिनच्या पाठीशी ठेवलं. फार अलगद ठेवलं. ओढ्याशी मंडळी आधीच जमली होती, आणि कुणीतरी आगाऊपणे बैलांची जोडीही तयार ठेवली होती. दादा खाली उतरून पाण्यात शिरला आणि ट्रकच्या पुढे चालू लागला. "चल माझ्या राजा, चल," असं त्याचं चाललं होतं. "दादा, बाजूला हो!" मी ओरडलो. तो कसला ऐकतोय! मी खालचा गिअर टाकला. पुढची चाकं काठाला धरून राहिली, मागची चढली, आणि तो दांडा मातीपासून वीतभर वरून सुटला. जोडीवाल्यानं मुकाट्यानं आपले बैल सोडले.

पोती उतरवून झाल्यावर मी केबिनकडे आलो, तर दादा माझ्या जागी बसलेला. दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर, नजर समोर.

"ह्यो डावा पाय कशावर ठिवायचा?" त्यानं विचारलं.

थोरल्या भावानं मला काही विचारल्याचं माझ्या आठवणीत ते पहिलंच. मी सांगितलं. मग खाली वाकून त्याचा पाय धरला आणि क्लचवर ठेवला.